पंचेचाळिशीच्या आत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



दरवर्षी या दिवशी मी तुमच्यापुढे उभी राहते ती शिवणवर्गाचा जमाखर्च वाचावयास. त्या वेळी निम्म्याजणी चहाची वाट पाहत असतात हे मला ठाऊक आहे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "जमाखर्च छापून देऊ. तुम्ही त्या लशीच्या मागे वर्ष-दीड वर्ष हिंडत होता, तेवढे सांगा." मी नको म्हणत होते. विषय पोटाखालचा, आणि सभेत पुरुषमंडळी नसली तरी सासवा आहेत, सुना आहेत. पण मग मनात आले की हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या कानाशी लागून जे बोलतो तेच जरा मोठ्याने बोलावयाचे आहे.

गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंपासून सुरू होते. आमचे मूळ घर पोलादपूर तालुक्यात, मी महाडला बिऱ्हाड करून राहिलेली. २०२१ सालच्या जुलैची २२ तारीख येथे कोणी विसरलेले नाही. महाड पाण्यात होते, तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. आमच्या महाडच्या घरात पुरुषभर पाणी. ते ओसरल्यावर जाऊबाई गावाहून आल्या आणि आठ दिवस माझ्याबरोबर चिखल उपसत राहिल्या. त्या वेळी त्यांच्या अंगावरून जात होते. मला ते पुढे दोन महिन्यांनी कळले. "सगळ्यांची घरे वाहून गेली, तिथे माझे काय सांगत बसू?" असे त्या म्हणाल्या.

एका ठिकाणी त्यांना दाखविले. पाळी जाण्याचे दिवस आहेत, असे होतेच, म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. तपासणी झाली नाही. ते कोठे झाले ते मी सांगणार नाही, कारण तपासा असे आम्हीही म्हटले नाही. उलट तपासणी टळली म्हणून जाऊबाईंना हायसे वाटले असावे. दिवाळीनंतर मुंबईस नेले तेव्हा रोग तिसऱ्या अवस्थेत होता. विजेचा शेक झाला, औषधे झाली. पुढच्या भाद्रपदात त्या गेल्या. वय ४९.

रोग कोणता ते नीट सांगते. आपण सरसकट 'पिशवीचा कर्करोग' म्हणतो. हा पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. पाळी नसताना अंगावरून जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणे, नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही त्याची लक्षणे. यांतले एक जरी दिसले तरी लस नको नि भाषण नको, सरळ तपासून घ्यावयाचे. मी पुढे जे बोलणार आहे ते काही होत नसलेल्या बायकांसाठी.

जाऊबाईंचे दिवसपाणी झाले आणि पुण्यास असलेल्या माझ्या भाचीचा फोन आला. "मामी, या कर्करोगावर लस आहे. पंचेचाळीस वर्षांपर्यंत घेता येते. तुम्हाला त्रेचाळीस चालू आहे. लवकर घ्या." पंचेचाळिशीच्या आत हे शब्द माझ्या डोक्यात असे बसले की जणू एस. टी. सुटते आहे आणि मी अजून नाक्यावरच आहे. माझ्याजवळ भिशीचे तीस हजार होते. नऊ प्रकारांवर चालणाऱ्या परदेशी लशीचा एक डोस दहा हजारांच्या आसपास, आणि डोस तीन. हिशेब इतका चपखल बसला की मला तो देवाचा कौलच वाटला. पैसे पदराला बांधून मी येथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी सुई काढली नाही. मला बसविले आणि अर्धा तास बोलल्या. त्यातले मला जेवढे समजले तेवढे सांगते.

हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, थोडक्यात एच.पी.व्ही. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले, त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विषाणूचे प्रकार दोनशेच्या वर, त्यांतले घातक चौदाच्या आसपास. १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळूनच शंभरांतले सुमारे सत्तर कर्करोग होतात. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि संसार केलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी तो शिवून गेलेला असतो. पुरुषालाही आणि बाईलाही. बहुतेकदा अंगातली शक्तीच त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देते. ज्या थोड्याजणींच्या अंगात तो ठाण मांडतो त्यांच्यात पंधरा-वीस वर्षांनी रोग उभा राहतो. म्हणजे जाऊबाईंचे दुखणे पुराच्या वर्षी दिसले, पण ते आत शिरले तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात असेल.

"मग मी लस घेतली तर तो आत असलेला जाईल का?" मी विचारले.

"नाही. लस औषध नव्हे. नवा येऊ देत नाही, एवढेच तिचे काम."

तेव्हा मला या लशीचे मर्म कळले, आणि ते महाडकरांना सांगावयास फार शब्द लागू नयेत. सावित्रीचे पाणी चढू लागले की बाजारपेठेतले दुकानदार माल माळ्यावर चढवितात. पाणी शिरण्याआधी चढविला तर सगळा वाचतो. शिरल्यावर चढविला तर जे अजून भिजलेले नाही तेवढे वाचते, आणि भिजलेली साखर माळ्यावर ठेवल्याने काही सुकत नाही. मोठ्या वयात लस घेणे हे दुसऱ्या प्रकारातले आहे. अगदी व्यर्थ नव्हे, कारण नऊच्या नऊ प्रकार एकाच बाईला शिवलेले असतात असे क्वचितच घडते. पण मुलीच्या वयात होतो तेवढा फायदा नाही.

याचे आकडेही आहेत. स्वीडनमध्ये लाखो मुलींची पाहणी करून २०२० साली हिशेब प्रसिद्ध झाला. सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी, आणि सतरा ते तिशीच्या दरम्यान घेतलेल्यांत सुमारे निम्म्याने कमी. २४ ते ४५ वयाच्या बायकांवरही प्रयोग झाला होता. ज्यांच्या अंगात ते प्रकार नव्हते आणि ज्यांनी तिन्ही डोस पुरे केले, त्यांना संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास. पण आधी लागण झालेल्या, डोस चुकलेल्या अशा सगळ्या बायका हिशेबात धरल्या की आकडा निम्म्याच्याही खाली येतो. आपण बाजारात जातो तशा, सगळ्यांच्या बरोबर, आणि आपले आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अमेरिकेने २०१८ साली ४५ वर्षांपर्यंत लशीला परवाना दिला खरा, पण पुढच्याच वर्षी तेथल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितले की २७ ते ४५ वयात सरसकट सगळ्यांनी घेण्याची गरज नाही, डॉक्टरशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याकडेही परदेशी लशीला बायकांसाठी ४५ पर्यंत परवाना आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ च्या जानेवारीत आली, ती परदेशी लशीच्या मानाने पुष्कळ स्वस्त, पण तिचा परवाना ९ ते २६ वर्षांपर्यंतचा.

हे सगळे सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुमची तपासणी कधी झाली आहे?"

मी म्हटले, "कसली?"

त्या हसल्या नाहीत. तीस हजार घेऊन लस मागावयास आलेल्या बाईने त्रेचाळीस वर्षांत एकदाही पिशवीचे तोंड तपासून घेतलेले नव्हते, आणि यात मी एकटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना हाच प्रश्न विचारला होता. कधीतरी ही तपासणी झाली आहे असे सांगणाऱ्या देशभरात शंभरांत दोघीसुद्धा निघाल्या नाहीत. तपासणी दोन-तीन प्रकारची असते. एक, मुखाला व्हिनेगरच्या जातीचे पाणी लावून पाहावयाचे, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असे ठरलेले आहे. दुसरी पॅप, तीत पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरी एच.पी.व्ही.ची, तीत विषाणूच शोधतात. लस घेण्याआधी तपासणी सक्तीची नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पण माझ्या वयाला तपासणी हेच पहिले काम.

आणि ही तपासणी किती उपयोगाची ते जगाला कोणी दाखविले असेल? उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, शेतकरी बायकांनी. १९९९ साली तेथे काम सुरू झाले, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एच.पी.व्ही.ची तपासणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगरची, काहींत नेहमीप्रमाणेच. आठ वर्षांनी पाहिले तर ज्यांची एच.पी.व्ही.ची तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती त्यांच्यात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि ज्यांची काहीच तपासणी नव्हती त्यांच्यात ६४. हे २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मला हे ऐकून फार बरे वाटले. आपल्या तालुक्यातही बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला, तो साऱ्या जगाने घेतला. शहाणपण नेहमी बोटीनेच येते असे नाही.

असो. मी तपासणीस तयार झाले. दुखत नाही. लाज वाटते ती पाच मिनिटे. नमुना मुंबईस गेला आणि दहा दिवसांनी उत्तर आले, विषाणू आहे. १६ नव्हे, १८ नव्हे, पण घातकांपैकीच एक.

आता जे सांगणार आहे ते या सभेत सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. आमचे हे मुंबईस नोकरीला. आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईस, ते काही नवे नाही. माझ्या आजेसासऱ्यांपासून तीच रीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी येणे. संबंधातून येतो हे डॉक्टरीणबाईंचे वाक्य मी त्या रात्री हजार वेळा उलटून पाहिले. शनिवारी हे आले. मी ताट वाढले आणि बोलले नाही. रविवारीही नाही. त्यांना वाटले, भिशीच्या पैशांचे काही झाले. वीस वर्षांत आमच्यात अशी रात्र झाली नव्हती.

सोमवारी मी पुन्हा दवाखान्यात गेले, आणि न विचारताच डॉक्टरीणबाईंना माझ्या तोंडावरून कळले. त्या म्हणाल्या, "बाई, हा कधी आला, कोणाकडून आला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला वीस वर्षे गप्प राहून आज दिसू शकतो. या कागदावरून कोणाची परीक्षा करू नका. त्यांच्याकडून तुम्हाला, की तुमच्याकडून त्यांना, हेही यातून निघत नाही." ते शेवटचे वाक्य ऐकून मला एकदम राग आला, आणि मग त्या रागाचेच हसू आले. मी जो संशय दोन दिवस त्यांच्यावर घेत होते तो कागद त्यांच्या हाती पडला असता तर माझ्यावर आला असता. पुष्कळ घरांत तसेच होईल, आणि बाईला माहेरी पाठवतील. म्हणून हे सांगितले. पुढच्या खेपेस मी ह्यांना बरोबर घेऊन गेले. ते दाराशी चपला काढून अंग चोरून बसले होते, पण सगळे ऐकले.

मुंबईस दुर्बिणीतून तपासणी झाली. किरकोळ बदल होता, कापावे-जाळावे असा नव्हता. वर्षाने पुन्हा या म्हणाले. ते वर्ष मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. वर्षाने तपासणी केली, विषाणू सापडला नाही. औषध काही नव्हते, अंगानेच काम केले. तोवर मी चव्वेचाळीस पुरी केली होती आणि लशीचा प्रश्न जागच्या जागी होता.

मी लस घेतली नाही. माझे कारण सांगते. माझी तपासणी आता ठरलेल्या मुदतीने व्हावयाचीच आहे, घेतली असती तरी ती सुटत नव्हती, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवीत नाही. आणि घरात तीन मुली होत्या. माझी तेरा वर्षांची, तिला दोन डोस. जाऊबाईंची धाकटी चौदाची, तिलाही दोन. थोरली बाविशीची, लग्न ठरावयाचे होते, तिला तीन. पुण्याच्या लशीचे हे सातही डोस भिशीच्या पैशांत बसले, वर माझ्या तपासणीचा खर्च निघाला. पैसा अपुरा नसता तर मी स्वतःही घेतली असती का? कदाचित घेतली असती. जिला परवडते तिने ४५ च्या आत घेतली तर ती चुकली असे मी म्हणणार नाही. पण ती घेऊन तपासणी टाळली तर चुकली, असे मात्र म्हणेन.

आमच्या आळीतल्या एकीचे उदाहरण याच्या उलट आहे. तिची परवानगी घेऊन सांगते. लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आले, बारा वर्षे शिवणावर मुलगा वाढविला, आणि अडतिसाव्या वर्षी चांगले स्थळ आले म्हणून पुन्हा लग्न केले. तिने लग्नाआधी तपासणी करून घेतली, ती निर्दोष निघाली, आणि तिने तिन्ही डोस घेतले. नवा संसार म्हणजे नवा विषाणू येण्याचा संभव, तेव्हा तिच्या बाबतीत माल बहुतेक कोरडाच होता. डॉक्टरीणबाईंनीही तिला घ्या म्हणून सांगितले. सारख्या वयाच्या दोघींना दोन उत्तरे मिळाली, ती अशी.

मागच्या बैठकीत एकीने विचारले होते की या लशीने मुली दगावल्या म्हणतात, ते खरे काय. २०१० साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे लशीच्या प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या. चौकशी झाली, मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या आईबापांना न विचारता अधीक्षकांनी संमतीवर सह्या केल्या होत्या हेही त्याच चौकशीत निघाले, आणि ते वाईटच झाले. लस निर्दोष ठरली तरी न विचारता टोचणे निर्दोष ठरत नाही. आमच्या थोरलीला मी सगळे समजावून सांगितले आणि ती हो म्हणाल्यावरच नेले. लशीने हात दोन दिवस दुखतो, क्वचित ताप येतो. एखाद्या मुलीला सुईच्या भीतीने घेरी येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. पोटुशी बाईला देत नाहीत.

शेवटची गोष्ट सासूबाईंची. त्या गावी, वय ६२. थोरली सून गेल्यापासून त्या या विषयावर चकार शब्द काढीत नसत. नातींना लस दिली तेव्हा मला म्हणाल्या, "माझे काय करतेस?" मला काही सुचेना. डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, लस नाही, पण तपासणी करू. पाळी गेल्यावर मुखाचा तो भाग आत सरकतो, व्हिनेगरच्या तपासणीत नीट दिसत नाही, तेव्हा एच.पी.व्ही.चीच करावी. पोलादपूरहून एस. टी. ने त्यांना आणले. नऊवारी नेसून तपासणीच्या टेबलावर चढणे हा एक सोहळाच झाला. उत्तर निर्दोष आले. परतताना त्यांनी बाजारातून सुके बोंबील घेतले, गाडीत बसल्या, आणि काशेडीकडचा डोंगर दिसू लागल्यावर म्हणाल्या, "तिलाही अशीच आणली असती तर?" मी त्यांचा हात धरला, बोलले काही नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई आपल्या मंडळाच्या बायकांसाठी एक दुपार राखून ठेवणार आहेत. तीस ते पासष्टच्या दरम्यान वय असलेल्यांनी यावे. पाळीचे दिवस टाळावेत. गावाकडच्या कोणाला आणावयाचे असेल तर गाडीची वेळ पाहून दुपारी दोननंतरची वेळ मागून घ्यावी. वही चिटणीसबाईंकडे आहे. नाव मोठ्याने सांगावे लागणार नाही, स्वतःच लिहावयाचे आहे. पहिले नाव माझ्या धाकट्या नणंदेचे आहे, खाली जागा पुष्कळ आहे.